राजाज्ञेतील कमळ
चिनी राजभांड्यांवरील एका नक्षीचे परीक्षण

आपल्याकडील जुन्या घरांत चिनी मातीच्या भांड्याची जागा ठरलेली असे. लोणच्याची बरणी म्हणून ते फळीवर मानाने बसे. परंतु सोवळ्याच्या पंक्तीत त्यास प्रवेश नसे, आणि देवघरात तर नसेच. मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की ते पुन्हा शुद्ध होत नाही, अशी आपली जुनी समजूत. त्यामुळे देवाचे ताट तांब्यापितळेचे, ऐपत असल्यास चांदीचे, आणि नैवेद्य केळीच्या पानावर, हा आपला परिपाठ. असा परिपाठ अंगवळणी पडलेल्या वाचकास चीनच्या इतिहासातील एक नोंद विस्मयात टाकील. मिंग घराण्याचा संस्थापक हुंगवू ह्या सम्राटाच्या कारकीर्दीत, १३६९ साली, असा निर्णय झाला की राजपूजेतील पात्रे चिनी मातीचीच असावीत. पुढे १५३० साली च्याचिंग सम्राटाच्या काळात त्या पात्रांचे रंगही ठरवून देण्यात आले: आकाशाच्या वेदीवर निळी, पृथ्वीच्या वेदीवर पिवळी, सूर्याच्या वेदीवर तांबडी आणि चंद्राच्या वेदीवर पांढरी. जी माती आपण देवापासून दूर ठेवली, तीच त्यांनी देवाच्या पुढ्यात ठेवली. दोहींकडे विचार शुचितेचाच होता. निष्कर्ष मात्र निराळे निघाले.

आम्ही येथे ज्या भांड्यांविषयी लिहिणार आहो ती वेदीवरची पात्रे नव्हेत, तर राजवाड्याच्या वापरासाठी त्याच मुलखातील भट्ट्यांतून निघालेली नक्षीची ताटे होत. गोमंतकातील वाचकांस चिनी ताट अपरिचित नाही. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले, पुढच्याच वर्षी मलाक्का घेतले आणि १५५७ च्या सुमारास मकाव येथे ठाणे दिले. ह्या वाटेने निळी-पांढरी चिनी भांडी गोव्यास आणि तेथून लिस्बनला जाऊ लागली. लिस्बनच्या सांतुश राजवाड्यातील एका दालनाचे छत तर अडीचशेहून अधिक चिनी ताटांनी मढविलेले आहे. परंतु ही बहुतांशी व्यापाराची भांडी. गिऱ्हाईक पाहून नक्षी काढावी, जहाजात बसतील तेवढी भरावीत, असा तो माल. त्यांतही सुंदर वस्तू आहेत. पण राजभट्टीच्या भांड्याचा न्याय वेगळा. च्यांगशी प्रांतातील चिंगदेचेन ह्या गावी सम्राटाची खास भट्टी होती. तेथे कोणते भांडे, किती, कोणत्या नक्षीचे करावयाचे ते राजधानीतून ठरून येई. नमुनेही दरबारातूनच येत. कारागिराच्या मनास काय आले हा प्रश्न तेथे विचारलाच जात नसे.

आणि नेमक्या ह्याच ठिकाणी आपल्या कलासमीक्षेची पंचाईत होते. आपण हल्ली कलाकृतीपुढे उभे राहिलो की दोन प्रश्न विचारतो: ही कोणी केली? आणि हिच्यात नवे काय? राजभट्टीच्या ताटापुढे हे दोन्ही प्रश्न निरुत्तर होतात. ते कोणी केले ते ठाऊक नाही, कारण ते एकट्या कोणी केलेलेच नाही. आणि त्यात नवे असे काही नाही, कारण तीच नक्षी त्याच्या आधी शेकडो ताटांवर उतरली आहे व नंतरही उतरणार आहे. मग ह्या ताटांस केवळ हुन्नर म्हणून बाजूस सारावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. एकच नक्षी हाती धरून तीन-साडेतीन शतकांतून तिचा माग काढला, तर आज्ञेने घडलेल्या वस्तूचीही परीक्षा करता येते, इतकेच नव्हे तर त्या परीक्षेत कारागिराबरोबर आज्ञा देणाराही तपासला जातो, असे आमचे म्हणणे आहे.

ती नक्षी म्हणजे बांधलेल्या कमळांची जुडी. युंगलो सम्राटाच्या काळी (१४०३-१४२४) ही ताटे प्रथम राजभट्टीत घडली. ताट चांगले रुंद, हातभराहून थोडे कमी. काठ साधा गोल. पृष्ठभाग शुभ्र व त्यावर निळ्या रंगाचे काम. मध्यभागी फितीने बांधलेली एक जुडी: त्यात उमललेली कमळे, पसरलेले पान, बियांचे कमळगट्टे, शिवाय बाणाच्या टोकासारख्या पानांची पाणवनस्पती. फितीची टोके खाली वाऱ्यावर उडावीत तशी वळलेली. मध्याभोवती, ताटाच्या वर चढत जाणाऱ्या भागावर, निरनिराळ्या फुलांची एक वेल अखंड फिरते. बाहेरच्या अंगासही अशीच वेल. बुडास झिलई नाही; तेथे उघडी राहिलेली माती भट्टीच्या आचेने किंचित नारिंगी झालेली. आणि सम्राटाचे नाव? ते बहुधा कोठेच नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कमळ आणि चीन ह्यांचा संबंध सांगताना आपल्याकडील लेखक पुष्कळदा घाईने म्हणतात की ते फूल आपणच तिकडे पाठविले. हे अर्धेच खरे. कमळ चीनच्या तळ्यांत पूर्वीपासून उमलत होते. त्याचा धार्मिक अर्थ मात्र बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेला. अकराव्या शतकातील चौ तुन-यी ह्या कन्फ्यूशियन पंडिताने कमळावर एक छोटा निबंध लिहिला. चिखलातून वर येऊनही ते मलिन होत नाही, म्हणून तो त्यास सज्जनाचे फूल मानतो. पंकज हा शब्द ज्यांच्या जिभेवर आहे त्यांस ह्यात परके काय वाटणार? ह्यावर चिनी भाषेने आणखी एक पदर चढविला. कमळास ते लिएन म्हणतात, आणि त्याच उच्चाराचे दुसरे दोन शब्द आहेत: एकाचा अर्थ अखंड सातत्य, दुसऱ्याचा निर्लोभ, लाच न खाणारा. म्हणजे राजवाड्यातील ताटावरचे कमळ पाहणाऱ्या दरबाऱ्याच्या कानांत एक उपदेशही पडत असे! आपल्याकडील श्लेष कवितेत राहिला. त्यांचा ताटावर उतरला.

भारताशी असलेला दुवा काही भांड्यांवर तर अक्षरशः लिहिलेला आहे. श्वानदे (१४२६-१४३५), चंगह्वा (१४६५-१४८७) आणि वानली (१५७३-१६२०) ह्या राजवटींतील काही राजभांड्यांवर संस्कृत बीजाक्षरे काढलेली दिसतात. त्यांची लिपी नेपाळ-तिबेटकडील रंजना, जिला तिकडे लांत्सा म्हणतात. ती अक्षरे काढणारा चित्रकार बहुधा ती वाचू शकत नसेल. त्याच्या लेखी तीही एक नक्षीच. तरीही अक्षर अंगठ्याएवढ्या जागेत सावकाश, वळण न चुकविता काढलेले आढळते. न समजलेल्या मंत्राचाही उच्चार शुद्ध ठेवावा ही आपल्या पाठशाळांची शिस्त. तिचेच हे कुंचल्याने केलेले रूप, असे आम्हांस ती अक्षरे पाहताना वाटले.

आता पुन्हा आपल्या जुडीकडे वळू. चिनी भांड्यांवर कमळ बहुतेक वेळा वेलीच्या रूपाने येते. कमळास वेल नसते हे चित्रकारास ठाऊक होते. तरी लांब वळणे घेत, प्रत्येक वळणात एक फूल धरीत ती वेल भांड्याभोवती फिरते. तिला आरंभ नाही आणि शेवटही नाही. जुडीची गोष्ट उलट. ती तोडलेली आहे, वेचलेली आहे, फितीने बांधलेली आहे. ही फुले आता तळ्यात नाहीत. ती कोणाच्या तरी हातून कोठे तरी निघाली आहेत. भोवती न संपणारी वेल आणि मध्ये एका क्षणाची जुडी, ह्या दोहोंच्या विरोधावर ताटाची सारी रचना तोललेली आहे. जुडी सममितही नाही: एक फूल उंच, एक कललेले, पान एका बाजूस अधिक पसरलेले. पण तिच्या भोवती सोडलेली पांढरी जागा इतकी अचूक आहे की तोल कोठेही ढळत नाही. आपल्या क्षेमेंद्राने काव्यात ज्यास औचित्य म्हटले, ते येथे मोकळ्या जागेत दिसते. चित्रकाराने काय काढले ह्याइतकेच त्याने कोठे हात आवरला ह्याचे महत्त्व आहे.

ह्या ताटाचे रहस्य पुष्कळसे त्याच्या निळ्या रंगात आहे, आणि ते कळण्यास थोडी भट्टीची माहिती हवी. चिनी मातीत दोन द्रव्ये: एक केओलिन, म्हणजे चिंगदेचेनजवळच्या काओलिंग ह्या टेकडीवरून नाव पडलेली पांढरी माती, दुसरे कुटून बारीक केलेला एक विशिष्ट दगड. केओलिनने भांड्यास आकार टिकविण्याचे बळ येते, दगड आचेत वितळून त्यास घट्ट सांधतो. कच्च्या भांड्यावर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढावयाचे, वरून झिलई चढवावयाची आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या आचेत सारे एकदमच भाजावयाचे. कच्च्या मातीवर कुंचला टेकला की ती रंग शोषून घेते. रेघ पुसता येत नाही. शिवाय काढताना हा रंग निळा दिसत नाही, मळकट दिसतो. निळाई दिसते ती भट्टी उघडल्यावर. म्हणजे चित्रकारास आपल्या कामाचे खरे रूप काम संपल्यावर, तेही दुसऱ्याच्या हातच्या आचेनंतर, पाहावयास मिळे.

युंगलो आणि श्वानदे ह्यांच्या काळचे उत्तम कोबाल्ट पश्चिम आशियाकडून येई. त्यात लोहाचा अंश अधिक. कुंचला जेथे क्षणभर थांबला, जेथे रंगाचा थेंब दाट बसला, तेथे भट्टीत ते लोह एकवटे आणि निळ्या रेघेत काळसर ठिपका उमटे. हात लावून पाहिल्यास तेथे झिलई किंचित दबलेली लागते. हा खरे पाहता दोष. रंग पुरता ताब्यात नसल्याची ती खूण. परंतु ह्याच ठिपक्यांमुळे पानाच्या शिरेत दाट-पातळ छटा येतात, कमळाच्या पाकळीस कडेची सावली मिळते आणि सारी जुडी ओलसर, नुकती पाण्यातून काढल्यासारखी वाटते. चित्रकाराने ते ठिपके योजले नव्हते. पण तो ते येणार हे जाणून होता, आणि त्यांस जागा ठेवून चित्र काढीत होता. नमुना दरबाराचा होता खरा. नमुना आणि भांडे ह्यांच्यामध्ये जी माती, जे कोबाल्ट आणि जी आच आली, त्यांच्याशी बोलणे मात्र कारागिरासच करावे लागले. ह्या ताटात कला आहे ती ह्या संभाषणात आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गैरवाजवी नाही. कारागिराशी म्हणजे कोणाशी? १६३७ साली सुंग यिंगशिंग ह्याने चिनी उद्योगांवर ग्रंथ लिहिला. त्यात तो एका पेल्यामागे बहात्तर क्रिया मोजतो. १७१२ साली द'आंत्रकोल ह्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने चिंगदेचेनहून लिहिलेल्या पत्रातही एक भांडे सत्तर हातांतून जाते असे म्हटले आहे. कोणी फक्त काठाची रेघ ओढी, कोणी फुलांची बाह्यरेषा काढी, कोणी त्यांत रंग भरी. असे असता चित्रकाराच्या भावनेविषयी बोलणे हा आमचा भाबडेपणा नव्हे काय? आमचे उत्तर असे की आपण देवळात उभे राहून नेमके हेच रोज पाहतो. एका प्रभावळीमागे ओतणारा निराळा, ठोकणारा निराळा, उजळा देणारा निराळा. आणि मूर्तीचे प्रमाण तर शिल्पशास्त्राने आधीच बांधून दिलेले. तरीही एक मूर्ती जिवंत वाटते आणि तिच्या शेजारची, तितक्याच अंगुळांची, निर्जीव वाटते. हा फरक आपल्या डोळ्यांस कळतो. एका माणसाची भावना असो वा सत्तर जणांची शिस्त असो, हात जागा होता की झोपेत चालला होता, हे वस्तूवर उमटल्यावाचून राहत नाही.

संख्या वाढली की हात झोपतो, असे सरसकट म्हणता येत नाही. १४३३ साली राजवाड्याने ड्रॅगन आणि फिनिक्स ह्यांच्या नक्षीची ४,४३,५०० भांडी मागविली, अशी मिंग दप्तरातील नोंद आहे. एवढी प्रचंड मागणी. आणि तरी श्वानदेच्या काळचे काम राजभट्टीच्या इतिहासात सर्वोत्तमांत गणले जाते. ह्याचे एक कारण १९८२ पासून झालेल्या उत्खननांत हाती लागले. चिंगदेचेनच्या चूशान टेकडीपाशी, जुन्या राजभट्टीच्या जागी, फोडून पुरलेल्या भांड्यांचे थरच्या थर सापडले. कोठे आकार किंचित कलला, कोठे रंग पसरला, की ते भांडे फोडून खड्ड्यात टाकीत. आपणही खंडित मूर्ती पूजेत ठेवीत नाही. पण आपल्या विसर्जनात आदर आहे. तेथे राजचिन्ह सामान्याच्या हाती पडू नये हा धाकही होता. तो धाक आम्ही स्तुत्य मानीत नाही. परंतु न साधलेले भांडे न साधलेलेच मानण्याची ती कठोर वृत्ती, मोठ्या संख्येतही हातास जागे ठेवीत होती, हे कबूल केले पाहिजे.

ह्याच काळात सुरू झालेली दुसरी एक नक्षी जुडीच्या सख्ख्या बहिणीसारखी आहे. तिच्यात मध्यभागी फुललेली एक फांदी, आणि भोवती चार ठिकाणी चार डहाळ्या: तीन फळांच्या आणि चौथी म्हणजे आपली तीच फितीने बांधलेली कमळे. फळांत डाळिंब व द्राक्षे ओळखू येतात. डाळिंबाच्या दाण्यांवरून पुष्कळ संततीचा आशीर्वाद निघतो, तो आपल्याही ओळखीचा. ह्या ताटाची विशेष गोष्ट त्याची पिवळी जमीन. पिवळा हा सम्राटाचा रंग. आधी निळे चित्र काढून, झिलई देऊन भांडे मोठ्या आचेत भाजावयाचे. नंतर प्रत्येक पानाची आणि पाकळीची कड सांभाळीत भोवतालची सारी जागा पिवळ्या मीन्याने भरावयाची आणि मंद आचेत पुन्हा भाजावयाचे. श्वानदेपासून च्याचिंगपर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, हीच नक्षी फार थोड्या फरकाने चालू राहिली. हुंगचीच्या काळची (१४८८-१५०५) ताटे आम्हांस त्यांत श्रेष्ठ वाटतात. त्यांत पिवळा मऊ आहे, लोण्यासारखा. निळा त्यात बुडत नाही आणि ओरडतही नाही. कोठे पिवळा पानावर केसभर चढलेला असतो, कोठे पान आणि पिवळा ह्यांच्यामध्ये पांढरी फट राहिलेली असते. पहिल्या चित्रकाराने जे काढले ते दुसऱ्याने किती प्रेमाने वाचले, हे त्या फटीत दिसते.

ही ताटे चीनमध्येच राहिली नाहीत. सम्राटाच्या भेटींतून आणि व्यापारातून सुरुवातीची मिंग भांडी पश्चिमेस दूरवर गेली. १६११ साली इराणच्या शाह अब्बासने अर्दबील येथील शेख सफीच्या दर्ग्यास अकराशेहून अधिक चिनी भांडी वाहिली. त्यांवर आपल्या अर्पणाची मुद्रा कोरविली आणि ती ठेवण्यास भिंतीत कोनाडेच कोनाडे असलेले दालन सिद्ध केले. आपल्याकडे भक्त देवस्थानास ताट-तबके वाहतो व त्यावर नाव घालतो, त्याच जातीचे हे कृत्य. दिल्लीच्या बादशहांसही हा सोस होता. जहांगीर आणि शहाजहान ह्यांची नावे कोरलेली चिनी भांडी आज संग्रहालयांत आहेत. चिनी भांडी पाहण्यास आपल्या वाचकांस फार दूर जावयास नको: हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आणि मुंबईच्या संग्रहालयातील टाटांचा संग्रह ह्यांत ती आहेत.

तुर्कस्तानातील इझ्निक येथील कुंभारांनी सोळाव्या शतकात जे केले ते आमच्या विषयास अधिक लागू आहे. त्यांनी सुरुवातीच्या मिंग ताटांतील तीन द्राक्षघोसांची नक्षी आपल्या भांड्यांवर उतरविली. त्यांची माती निराळी, झिलई निराळी, आणि पाठीवर चिनी सम्राटाचा हुकूमही नाही. मूळ ताटाच्या काठावर खडकांवर फुटणाऱ्या लाटा होत्या. इझ्निकच्या हाती त्या लाटांची हळूहळू शंखासारखी वेटोळी झाली. समुद्र हरवला, पण काठास एक नवी लय मिळाली. पुढे निळ्याच्या जोडीस हिरवाही आला. चुकीच्या वाचनातून जन्मलेली ही नक्षी नक्कल म्हणून सदोष आहे, आणि चित्र म्हणून जिवंत आहे.

आता उलट बाजू पाहू. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबाराच्या मागण्यांचे स्वरूप बदलले. १५७१ साली १,०५,७७० नगांची मागणी झाली. संख्या १४३३ हून कमीच. पण आता चिनी मातीचे पडदे, सोंगट्यांचे पट आणि माणूस मावेल असे ड्रॅगनचे रांजण हवेसे झाले होते. माती ओली असता मऊ, वाळताना आकसते, भाजताना पुन्हा आकसते. सपाट मोठा पत्रा किंवा अवाढव्य पोट तिच्या स्वभावात नाही. ही गोष्ट भट्टीवरच्या पोरासही कळत होती. आज्ञा देणाऱ्यास कळत नव्हती किंवा कळून घ्यावयाची नव्हती. परंपरा सांगते की १५९९ साली असे रांजण काही केल्या साधेनात, अधिकाऱ्याचा जुलूम वाढत गेला, सोबत्यांस फटके बसू लागले, तेव्हा थुंग पिन नावाच्या कारागिराने धगधगत्या भट्टीत उडी घेतली. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तो रांजण साधलेले. गावकऱ्यांनी त्याचे देऊळ उभारले आणि वारा व अग्नी ह्यांचा देव म्हणून चिंगदेचेनचे कुंभार त्यास भजू लागले. ह्या कथेत बलिदानाचे कौतुक आहे, आणि ते व्हावेही. पण देवळात बसविलेला तो कारागीर आम्हांस मुख्यतः एका आज्ञेविरुद्धचा साक्षीदार वाटतो. ते रांजण कितीही मोठे असोत, त्यांकडे पाहताना मन प्रसन्न होत नाही.

तिसरी अवस्था अधिक सूक्ष्म आहे, आणि तिचा निवाडा अधिक कठीण. मिंग घराणे १६४४ साली गेले, मांचू आले. युंगचंग (१७२३-१७३५) आणि छ्येनलुंग (१७३६-१७९५) हे दोघेही सम्राट जुन्या कलेचे मर्मज्ञ. त्यांच्या काळी राजभट्टीवर थांग यिंग हा अधिकारी होता. तो १७२८ साली चिंगदेचेनला आला तेव्हा त्यास ह्या विद्येचा गंध नव्हता. तीन वर्षे तो कारागिरांच्या पंक्तीत जेवला, त्यांच्याबरोबर राहिला आणि काम शिकला. थुंग पिनचे चरित्र त्यानेच लिहिले. १७४३ साली सम्राटाच्या आज्ञेवरून त्याने भांडी घडविण्याच्या वीस चित्रांवर टीपा लिहिल्या. त्यांत तो सांगतो की बाह्यरेषा काढणारे केवळ रेषाच शिकतात आणि रंग भरणारे केवळ रंगच, म्हणजे काम एकसारखे उतरते. ह्याहून चांगला अधिकारी कोणत्याही भट्टीस मिळणे कठीण.

ह्या राजवटींत आपली कमळांची जुडी पुन्हा ताटावर आली. माती मूळच्याहून शुभ्र, आकार मूळच्याहून नेमका, रेघ न थरथरणारी. पण आता कोबाल्ट देशी होते, चांगले शुद्ध केलेले. त्यातून काळे ठिपके आपोआप उमटत नव्हते. आणि मर्मज्ञ सम्राटास तर ते ठिपके हवे होते, कारण जुन्या ताटाची ती ओळख होती. म्हणून चित्रकारांनी रेघ ओढल्यावर तिच्यावर कुंचल्याच्या टोकाने दाट रंगाचे ठिपके दिले, ओळीने, सारख्या अंतरावर. तीन शतकांपूर्वी जो अपघात होता तो आता अलंकार झाला. बुडावर मात्र सम्राटाच्या राजवटीचे नाव स्वच्छ अक्षरांत आले. मूळच्या ताटास नाव नव्हते आणि ठिपके आपसूक होते; प्रतिकृतीस नाव आहे आणि ठिपके हिशोबाने दिलेले आहेत.

आम्ही ह्या प्रतिकृतींस तुच्छ लेखीत नाही. पूर्वजांविषयीचा आदर हा क्षुद्र हेतू नव्हे, आणि कारागिरी पाहू गेल्यास ही ताटे कदाचित सर्वांत निर्दोष आहेत. परंतु दोन्ही ताटे शेजारी ठेवून, छायाचित्रांत का होईना, वाचकांनी निवांतपणे पाहावी. जुन्या ताटातील ठिपका पानाच्या शिरेवर पडतो, कारण तेथे हात वळला. नव्या ताटातील ठिपका शिरेवर पडतो, कारण जुन्यात तो तेथे होता. जुना चित्रकार कमळाकडे पाहत होता. नवा चित्रकार ताटाकडे पाहत होता. कारागीर बदलले म्हणून हे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. थांग यिंगच्या हाताखालचे हात कमी कुशल नव्हते. बदलली ती आज्ञा. पहिलीने कमळांची जुडी मागितली होती. दुसरीने जुने ताट मागितले.

हे सारे लिहिण्याचे आम्हांस कारण काय, असे कोणी विचारील. कारण आपणही आज्ञा देणारे लोक आहो. देवस्थानाच्या समितीवर बसणारे, नवस फेडण्यास समई वाहणारे, पालखीस नवा कठडा करविणारे, ते सारे आपणच. आज आपल्यापुढे दोन सोप्या वाटा आहेत. एक, साच्यातून निघालेले तयार काम विकत घ्यावे. ते स्वस्त पडते आणि वेळेवर मिळते. दुसरी, जुन्या वस्तूचे छायाचित्र कारागिरापुढे ठेवून, झिजलेल्या कडांसकट, हुबेहूब हेच दे, असे सांगावे. पहिल्या वाटेत हातच उरत नाही. दुसरीत हात उरतो, पण त्यास फक्त मागे पाहण्याची परवानगी असते. आणि अधूनमधून एखादा धनिक सर्वांत मोठी, सर्वांत उंच वस्तू मागतो. त्या वेळी थुंग पिनची आठवण ठेवणे बरे.

तिसरी वाट जुन्या मिंग ताटाने दाखविली आहे. प्रमाण ठरवून द्यावे, विषय ठरवून द्यावा, न साधलेले काम स्वीकारू नये. परंतु धातूशी, लाकडाशी, मातीशी बोलण्याचे काम कारागिरावर सोपवावे आणि त्यास वेळ द्यावा. असे केले तर नक्षी जुनीच राहील, कमळ तेच राहील, आणि तरीही ते त्या वर्षीचे, त्या हातचे असेल. पुढे केव्हा तरी कोणी ती समई किंवा प्रभावळ निरखून पाहील, तेव्हा घडविणाराचे नाव त्यास कळणार नाही. करविणाराची पारख मात्र त्यास कळेल. ती वस्तूवर लिहिलेलीच असते.